घशाची राखण

शिंकायला मुंगीने नेमकी उघडी बॅग निवडली. सकाळपासून एकेक घडी बसवून भरलेली ती बॅग पलंगावर आ वासून पडली होती. मुंगी पलंगावर चढली, आत डोकावली आणि अंगातलं सगळं बळ एकवटून आजोबांसाठी घेतलेल्या नव्याकोऱ्या मफलरवर शिंकली. मग मान वर करून म्हणाली, "आई, संपली शिंक." तेवढ्यात दुसरी आली.

तिची आई मटकन खाली बसली. या गोष्टीपुरतं आपण तिला सूनबाईच म्हणू, कारण पुढे तिच्यावर जे काही कोसळलं ते सून म्हणूनच कोसळलं. मुंगी चार वर्षांची. गोड कुठे ठेवलंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळतं, म्हणून ती मुंगी. पलीकडच्या खोलीत सहा वर्षांचा थोरला खोकत होता. त्याला घरात वकील म्हणत, कारण त्याने जन्मल्यापासून एकही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य केलेली नव्हती. कालपासून मात्र त्याचा प्रत्येक युक्तिवाद अर्ध्यावर तुटत होता आणि रिकाम्या पिंपात दगड टाकावा तसा खोकला घुमत होता.

"आपण नाही जायचं यंदा," सूनबाई नवऱ्याला म्हणाली.

नवरा झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करायचा. कागद अडकला की यंत्राला थोपटायचं आणि 'काही झालेलं नाही' म्हणायचं, हा त्याचा धंदा. संसारालाही तो तसाच थोपटत असे. "सर्दी तर आहे," तो घसा खाकरत म्हणाला. "सर्दीला कोण भितं?"

"आणि बाबांना लागली तर?"

यावर त्यालाही थोपटायला काही सापडेना.

कारण प्रश्न सर्दीचा नव्हताच. प्रश्न होता बाबांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या घशाचा. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये नाताळच्या सकाळी एक गाणं होतं. ते एकट्या आवाजात सुरू होतं आणि मग सगळे त्यात मिसळतात. तो एकटा आवाज वर्षानुवर्षं यांचा. शब्द लहानथोरांना पाठ, पण हे गायले की वाटायचं, बाळ जन्मल्याची ही बातमी आत्ताच कोणीतरी धावत येऊन सांगितली. उपदेशाच्या वेळी बिनदिक्कत पेंगणारी माणसं तोच उपदेश यांच्या सुरातून मनात साठवून घरी जात. देवाची करणी अशी, की ज्या घशाचा त्याला सर्वांत जास्त उपयोग त्याच घशावर गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. त्या नाताळला पोस्टमन गायला. त्याने ते गाणं पेटीत पत्र टाकावं तसं टाकलं आणि बाजूला झाला. यंदा डॉक्टरांनी परवानगी दिली होती. वर्षभर सासूबाईंनी, ज्या स्वतः जन्मभर इस्पितळात वॉर्डच्या मुख्य परिचारिका होत्या, त्या घशाची डोळ्यांत तेल घालून राखण केली होती. गार पाणी बंद, वारा बंद, आणि गेला महिनाभर तर बोलणंही बंद.

अशा घशापाशी दोन वाहती मुलं घेऊन जायचं? काही झालं तर नाव कोणाचं? मुलगा सुटतो, सून सापडते. या न्यायालयात अपील नाही.

तिने फोन लावला.

"हॅलो," पलीकडून कुजबुज आली.

"बाबा? तुम्ही बोलू नका हो. आईंना द्या."

"ती आंघोळीला गेलीय. लवकर बोल."

"मुलं आजारी आहेत. यंदा राहू दे म्हणते."

"काय होतंय?"

"एकाला खोकला, एकीला सर्दी."

"दोघांनाही?" कुजबुजीत जीव आल्यासारखा वाटला. "ताप?"

"अंग कोमट आहे."

"मग याच. मुलांना माझ्याजवळ बसवायचं. काय? आली ती, ठेवतो."

सूनबाईचे डोळे भरून आले. या माणसाने स्वतःसाठी कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. ती पाणीपुरवठा खात्यात फोनवर तक्रारी घ्यायची. नुसत्या 'हॅलो'वरून समोरच्याचा नळ कोरडा आहे की डोकं तापलंय, हे तिला कळत असे. पण परक्याच्या आवाजातली मेख ओळखणारा कान घरच्या माणसापुढे बहिरा होतो. त्या कुजबुजीत तिला नातवंडांच्या मायेखेरीज काही ऐकू आलं नाही. आणि मायेला नाही कसं म्हणायचं?

गाडीत तिने मुलांची तालीम घेतली. "आजीसमोर खोकायचं नाही."

"खोकला आला तर?" वकिलाने विचारलं.

"दाबायचा."

"दाबला तर तो जातो कुठे?"

"मी शिंकू का मग?" मुंगी म्हणाली.

"तूही नाही."

"मग काय करू?"

मुंगीने तो प्रश्न रस्ताभर स्वतःपुरता सोडवला, पुढच्या सीटच्या पाठीवर.

दार सासूबाईंनी उघडलं. मुलं श्वास कोंडून, गाल फुगवून उभी होती. सासूबाईंनी चौघांवरून एकदाच नजर फिरवली.

"हा खोकतोय. ही वाहतेय. आणि हा तुझा नवरा," आपल्या मुलाकडे बोट करून त्या सुनेला म्हणाल्या, "याचा घसा सुजलाय, आणि त्याला अजून पत्ता नाही."

"काही झालेलं नाही, आई," नवरा म्हणाला. आवाज फाटला होता.

सूनबाई शिक्षा ऐकायला उभी राहिली. आता दार लागणार, आणि लागलं तर बरंच. सासूबाईंनी मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं, पुन्हा मुंगीच्या नाकाकडे पाहिलं. "आत या," त्या म्हणाल्या. "पण माझ्या शिस्तीत."

शिस्त म्हणजे अशी. बैठकीच्या खोलीत मधोमध दोरी बांधून चादरीचा पडदा सोडला. पडद्यापलीकडे खिडकीशी आजोबांची खुर्ची. तिथे ते गळ्याला पंचा गुंडाळून मुकाट बसले होते. नातवंडांना बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला की सूनबाईला पुन्हा भरून आलं. मग फिती निघाल्या. घरातले सगळे पेले सारखे, म्हणून प्रत्येकाच्या पेल्याला एका रंगाची फीत. एकच पेला दिवसभर वापरायचा आणि रात्री सगळे उकळायचे. वकिलाला हिरवी, मुंगीला तपकिरी, मुलाला पिवळी, सुनेला निळी, स्वतःला लाल. आजोबांना पांढरी.

"पांढऱ्या फितीला कोणी हात लावलेला मला चालणार नाही," सासूबाई म्हणाल्या. सगळ्या वॉर्डने माना डोलावल्या.

"मला पांढरी हवी," मुंगी म्हणाली.

"ती आजोबांची."

"आजोबांना तपकिरी द्या."

पडद्याआडून एक समजूतदार हुंकार आला. सासूबाईंनी तिकडे डोळे वटारले आणि तो विरला.

तिथून पुढे सूनबाईचं आयुष्य म्हणजे पहारा झाला. मुंगी पडद्याखालून सरपटत जायची, सूनबाईने तिला पायाला धरून ओढून आणायचं. वकील पडद्याशी उभा राहून आजोबांना प्रश्न विचारायचा. आजोबा बोलू शकत नाहीत हे कळल्यावर उलटतपासणीला त्याला विशेष रंग चढला होता. सूनबाई दाराच्या मुठी पुसत होती, उशांचे अभ्रे उकळत होती, आणि आजोबांनी नुसतं नाक चोळलं तरी तिच्या काळजाचं पाणी होत होतं. एकदा ते शिंकले. ती स्वयंपाकघरात होती. हातातली पळी हातातच राहिली. देवा, सुरुवात झाली. ती धावत गेली तर आजोबा खिडकीतल्या उन्हाकडे टक लावून बसलेले, आणि मग कुठली दुसरी शिंक आलीच नाही. त्यांचा चेहरा काहीसा खट्टू दिसला. ती समजली, बिचारे घाबरलेत.

दुसऱ्या दिवशी ऑर्गन वाजवणाऱ्या बाई दाराशी आल्या. चर्च समोरच, रस्ता ओलांडला की झालं. गाण्याच्या प्रती काढायच्या होत्या आणि यंत्र कागद गिळून बसलं होतं. नवऱ्याला जसा आनंद झाला तसा तो सासरी कधी झाला नव्हता, आणि हे तर त्याचं स्वतःचं माहेर.

"तुझा घसा?" सूनबाई म्हणाली.

"यंत्राला कुठे सर्दी होते," तो म्हणाला आणि गेला. सगळी दुपार तो तिथे रमला. यंत्र चालू केलं, प्रती काढल्या, आणि गाणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने मोजून दिल्या. बोट जिभेला लावल्याशिवाय त्याला कागद सुटा करता येत नसे.

संध्याकाळी तो घरी आला तो थेट अंथरुणात. "काही झालेलं नाही," असं म्हणून त्याने डोक्यावरून पांघरूण घेतलं. पुढच्या सकाळी सासूबाईंचा आवाज बसला. मुंगीचं नाक पुसण्यात त्यांचा जास्तीत जास्त वेळ जात होता, तेव्हा नवल नव्हतं. दुपारी जेवण झाल्यावर त्या नेहमीसारख्या डुलकी काढायला गेल्या. सूनबाईचंही डोकं ठणकू लागलं होतं. घरात धड उरलेला एकच माणूस होता, आणि तो तसाच राहावा म्हणून ती येईल त्या देवदूताला साकडं घालत होती. उद्या नाताळ. एक दिवस काढायचा होता, बस.

गरम पाण्याचा थर्मास घेऊन ती पडद्याशी गेली आणि आतून कुजबुज ऐकून थबकली.

"शिंक."

"येत नाही."

"प्रयत्न कर. सकाळी किती छान शिंकत होतीस."

"संपल्या."

"उजेडाकडे बघ. हां. आता तोंड इकडे."

"पण आजोबा," हा वकिलाचा आवाज, "तुम्हाला सर्दी कशाला हवीय? आधी कारण सांगा."

सूनबाईने पडदा बाजूला सारला. आजोबांच्या मांडीवर मुंगी, नाकाला नाक लावून. शेजारच्या फळीवर दोन पेले, आणि आजोबांच्या हातात दोन फिती, एक पांढरी, एक तपकिरी. पकडला गेलेला माणूस कोणत्याही वयाचा असो, चेहरा शाळकरी होतो.

"तुम्ही दोघं जा बाहेर," ती मुलांना म्हणाली. वकील पडद्याबाहेर जाऊन कान देऊन उभा राहिला.

"बाबा, हे काय?"

आजोबांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग कुजबुज सोडून हळू आवाजात म्हणाले, "रोज दुपारी ती झोपली की मुंगीच्या आणि माझ्या पेल्याच्या फिती बदलतो. तिचा उष्टा पेला मला येतो. ती उठून पाणी देते, ते रोज त्यातूनच पितो. आणि बघ माझ्याकडे, काही होत नाही गं. उलट भूक वाढलीय."

"पण का?"

"आवाज आला परत. उंची नाही आली." ते फितीशी चाळा करत राहिले. "त्या गाण्यात एक वरची जागा आहे. तुला माहीत आहे ती. तिथे मी आता पोचत नाही. मधेच तुटतं. वर्षभर त्या बाईनं माझा घसा तळहातावरच्या फोडासारखा जपला. तिला कसं सांगू की तू जपलंस ते फुटकंच आहे? म्हटलं, मुलं आजारी आहेत, सर्दी व्हावी, पोस्टमननं गावं, कोणाचाच दोष नाही."

"माझा असता," सूनबाई म्हणाली.

"तुझा काय संबंध?"

"मुलं मी आणली, बाबा. तीन दिवस मी झोपले नाहीये. तुम्ही नाक चोळलंत तरी माझा जीव जातो. तुम्ही आजारी पडला असतात तर जन्मभर सगळ्यांनी म्हटलं असतं, हिनं आणली. आणि मीही म्हटलं असतं."

आजोबांनी फितींचा चाळा थांबवला.

"हे माझ्या ध्यानातच आलं नाही," ते म्हणाले. "चुकलो, पोरी." आणि त्यांनी पांढरी फीत तिच्या हातात ठेवली. "आता झाली तर होऊ दे फजिती. उद्या गातो."

तिला बरं वाटायला हवं होतं. उलट ती चुलीशी जाऊन रडली. आधी तिला भीती होती की घसा बिघडेल. आता तो ठणठणीत असल्याचं दुःख पदरी आलं.

नाताळची सकाळ उजाडली तेव्हा सूनबाईच्या हाडाहाडांत कळा होत्या. सासूबाई तापाने फणफणलेल्या, उशीला टेकून बसलेल्या. नवरा कोपऱ्यात पांघरुणाचा ढीग होऊन पडलेला. मुलं तेवढी खडखडीत बरी होऊन पलंगावर उड्या मारत होती. आजार दुसऱ्याला देऊन टाकला की मुलं बरी होतात, हा निसर्गाचा नियमच आहे. असल्या वरातीला चर्चमध्ये नेणं शक्यच नव्हतं.

"यांना ताप?" सासूबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"नाही, आई."

"घसा लाल?"

"नाही. नाश्ता दोनदा झाला."

"असं कसं होईल?" सासूबाई चिडून म्हणाल्या. "रोज दुपारी झोपून उठले की मी स्वतः यांच्या आणि मुंगीच्या पेल्याच्या फिती बदलत होते. काल तेवढं तापानं उठवलं नाही."

ताप डोक्यात गेला असावा, असं सूनबाईला आधी वाटलं. मग तिने शांतपणे दोन पेले डोळ्यांपुढे आणले. बाबांनी दुपारी बदलल्या. आईंनी उठून पुन्हा बदलल्या. म्हणजे जिथल्या फिती तिथे. सगळ्या घरात एकटा तोच माणूस तीन दिवस स्वच्छ पेल्याने पाणी पीत होता.

"आई, तुम्ही? का?"

"हळू बोल." सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. "ते न्हाणीघरात गातात. वरच्या जागेपाशी आले की नळ मोठा सोडतात. वर्षभर त्या नळाचं पाणी ऐकतेय मी. मला काय कळत नाही? पण म्हणणार काय? माझ्या शब्दाखातर माणूस महिनाभर तोंड मिटून बसला, त्याला सांगू, की सोडा, जमणार नाही? तू मुलं घेऊन दारात उभी राहिलीस तेव्हा वाटलं, देवानं वाट काढली."

"आणि त्यांना झालं असतं तर नाव माझं आलं असतं."

"तुझं का? माझ्या मुलाचं. बायको नको म्हणत असताना गाडी यानंच काढली, असं साऱ्या गावाला सांगणार होते मी."

कोपऱ्यातला पांघरुणाचा ढीग हलला. "काही झालेलं नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात आजोबा दारात आले. कोट घातलेला, भांग पाडलेला, चेहरा मात्र दात उपटून घ्यायला निघालेल्या माणसाचा. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. संसार एवढा जुना झाला की माणसं एकमेकांना खरं सांगायलाच लाजतात.

"कॉलर नीट करा," सासूबाई एवढंच म्हणाल्या.

आजोबा एकटेच गेले. सासूबाईंनी खिडकी उघडायला लावली. वारा आला तर येऊ दे म्हणाल्या, आता राखायला घरात घसाच उरला नव्हता. पांघरुणं लपेटून सगळे खिडकीशी बसले. समोर माणसं चर्चमध्ये शिरत होती, आणि शिरता शिरता खोकत होती. पोस्टमनने गळ्याला फडकं गुंडाळलं होतं. बेकरीवाला रुमालात तोंड खुपसून चालला होता. गाणाऱ्यांपैकी एकाचंही नाक कोरडं दिसेना.

"याला मी प्रती दिल्या होत्या," नवरा बाहेर बघत म्हणाला. थोड्या वेळाने, "हिलाही." मग तो मोजायचा थांबला आणि पुन्हा पांघरुणात गेला.

सूनबाईने कपाळावर हात मारून घेतला. एक घसा वाचवायला आली होती. सगळ्या गावाचा घसा बसवून ठेवला होता.

ऑर्गन सुरू झाला. सासूबाईंनी मान तिरकी केली.

"हा सूर नव्हे," त्या म्हणाल्या. "खाली धरलाय. बराच खाली." आणि त्यांना उमगलं. मागून मिसळणाऱ्या सगळ्यांचे घसे बसलेले. नेहमीच्या उंचीवर एकालाही चढता येणार नव्हतं. त्या पडशाने वाजवणाऱ्या बाईंना सगळं गाणंच खाली उतरवावं लागलं होतं.

मग एकटा आवाज उठला. पूर्वीचा नव्हे. थोडा खरखरीत, थोडा सावध, अंधारात जिना चढणाऱ्या माणसासारखा. पण शब्द तेच, आणि जुनी बातमी पुन्हा कोणी धावत येऊन सांगावी तसे आले. मुंगीने उड्या थांबवल्या. वकिलाने पुरावा मागितला नाही. वरची जागा जवळ आली तशी सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. दोघींचे हात तापाने भाजत होते. आवाज चढला, काठाशी किंचित थरथरला, आणि अलगद पलीकडे उतरला.

मागून सगळे मिसळले, घोगरे, चिरके, अर्धे नुसतेच श्वासाचे. गाणं संपलं. ऑर्गनचा शेवटचा सूर विरला. क्षणभर काहीच ऐकू येईना.

आणि मग सबंध चर्च एकदम खोकलं. गाणं सुरू झाल्यापासून प्रत्येकाने दाबून धरलेला, छातीत कोंडलेला, डोळ्यांत पाणी आणणारा खोकला. एकानेही सूर तुटू दिला नव्हता.

सासूबाईंनी डोळे मिटले आणि तो खोकला पार शेवटच्या बाकापर्यंत ऐकून घेतला.

"दाद आहे," त्या म्हणाल्या. "लाव आता खिडकी."